विषय: झाडासारखे चालणेबाबत

लातूर,
२८ नोव्हेंबर २०२३

चि. रेणुकादास यास,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पोचलो खरा. सुखरूप राहीन की नाही ते वीस दिवसांनी कळेल.

दारातच फलक लावलाय: ‘युवा कार्यकर्ता प्रशिक्षण: शरीर, कला आणि कोचिंग’. लातुरात कोचिंग म्हटल्यावर मला वाटलं, आपल्या पोरांना डॉक्टर कसं करायचं ते शिकवतील. तसलं काही नाही. आल्याआल्या सगळ्यांचे मोबाइल पत्र्याच्या पेटीत जमा करून घेतले. मन विचलित होतं म्हणे. कुणाशी बोलायचं असेल तर जेवणानंतर अर्धा तास पत्र लिहायचं. म्हणून तुला लिहितोय. माझी इथं विशेष निवड झाली आहे, हे किनवटात चारचौघांना सांगितलंस का? नसेल तर सांग.

आता कामाचं. १८ डिसेंबरला तपासणी पथक येणार. पटावर पोरं ऐंशी, दिवाळीनंतर परत आलेली एकतीस. पन्नासला एक जरी कमी भरलं तर आपलं वसतिगृह बंद करून हिमायतनगरच्या वसतिगृहात मिसळणार, आणि मला कुठं फेकतील ते देव जाणे. दोन खोल्या आणि गळकं छप्पर होतं तेव्हापासून सव्वीस वर्षं मी ते सांभाळलंय. ते बंद पडलेलं मला बघवणार नाही, हे तुला म्हणून सांगतो. तेव्हा शिस्त ढिली पडू देऊ नकोस. शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. पहाटे पाचला वाजलीच पाहिजे.

इथल्या शिस्तीचं काय सांगू! मालविकाताई म्हणून प्रशिक्षक आहेत, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. आज त्यांनी आम्हा बत्तीस बाप्यांना झाडं व्हायला लावलं. आधी उभं राहून डोलायचं, मग झाडासारखं चालायचं. मी डोललो नाही. त्या म्हणाल्या, “सर, खांदे सैल सोडा.” मी म्हटलं, “बाई, हे खांदे सैल सोडले असते तर आमच्या पोरांनी कधीच वसतिगृह डोक्यावर घेतलं असतं.” माझा जोडीदार निलंग्याकडचा गुरुपादप्पा, तिथल्या वसतिगृहाचा अधीक्षक. तो मात्र असा डोलला की खिडकीची काच फुटली.

आता तूही असं कर. शिट्टी ठेव खणात, आणि पोरांना रोज पहाटे झाडं करून अंगणात चालव. पट नुसता भरून वाहील बघ!

तुझा,
वैजनाथ सर

---

किनवट,
१ डिसेंबर २०२३

आदरणीय वैजनाथ सर,
सादर प्रणाम.

आपले दि. २८ चे पत्र मिळाले. आवक क्र. ४१२ वर नोंद घेऊन ते प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर वाचून दाखवले. आदेशाचे तंतोतंत पालन केले आहे. हजेरी एकतीस होती, ती आज चौतीस आहे. तपशील परिशिष्ट ‘अ’ मध्ये बारीक टंकात जोडला आहे, म्हणजे टपालाचे वजन वाढणार नाही.

आपला आज्ञाधारक,
रेणुकादास, लिपिक

परिशिष्ट ‘अ’: आपल्या पत्रात आधी शिट्टी वाजवावी असे होते आणि नंतर ती खणात ठेवावी असे होते. एकाच पत्रात दोन आदेश असल्यास नंतरचा ग्राह्य धरतात, म्हणून शिट्टी खणात ठेवली. कार्यालयाच्या भिंतीवर आपणच २०१९ साली चिकटवलेला कागद आहे: ‘अधीक्षकांचे पत्र म्हणजे आदेश. त्यातून अर्थ काढत बसू नये.’ त्याप्रमाणे अर्थ काढला नाही.

पहिल्या दिवशी अडचण आली. आपल्या स्वयंपाकीण भामाबाईंनी विचारले, “झाड कुठं चालतंय व्हय रे बाबा?” मी म्हटले, सरांचा आदेश आहे. त्या म्हणाल्या, “मंग चालंल.” मुले जंगलातली असल्याने एकाचे झाड दुसऱ्यासारखे झाले नाही. मोहाने फुले गाळली. टेंभुर्णी हळू चालली. दोन सागांचे भांडण झाले, ते मिटवले. शेवटी सगळी मुले इतकी हसली की भामाबाईंच्या भाकरी करपल्या. करपलेल्या भाकरीही संपल्या. दुपारी आठवडी बाजारात ही बातमी गेली आणि संध्याकाळी तीन मुले पेट्या घेऊन परत आली. ‘आम्हीबी झाड व्हनार’ म्हणाली.

बाभूळ चालेल का, हे कळवावे. काटे टोचतात अशी एक तोंडी तक्रार आहे.

---

लातूर,
४ डिसेंबर २०२३

चि. रेणुकादास,
आशीर्वाद.

चौतीस! शाब्बास. बघ, शिट्टीचा धाक. मी तिथं नसतानासुद्धा शिट्टी काम करते. परिशिष्ट वाचता आलं नाही, कारण माझा जवळचा चष्मा फुटला. काल आम्हाला ‘वादळ’ व्हायला लावलं होतं आणि गुरुपादप्पा माझ्या अंगावर कोसळला. “अय्यो सर, वारा माझ्या हातात न्हाई की हो,” म्हणाला. तुझी बारीक अक्षरं म्हणजे मला मुंग्यांची रांग दिसतेय. नवा चष्मा तीन दिवसांनी मिळेल.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील. पण अंगण खरंच वाकडं आहे रे. आज चित्रकलेचा तास. जमिनीवर उताणं झोपायचं, जोडीदाराने खडूने आपल्याभोवती रेघ मारायची. मग त्या आकृतीत राग कुठं बसलाय तिथं लाल, भीती असेल तिथं पिवळा, दुखतं तिथं निळा रंग भरायचा. चोपन्न वर्षांचा माणूस मी, आणि पाठीला खडू लावून फिरतोय.

त्यावर कडी म्हणजे कोचिंग. त्यात उपदेश करायचा नाही, हुकूम सोडायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. गुरुपादप्पाने मला एक प्रश्न विचारला. तो तुला सांगत नाही. मी उत्तर दिलं नाही, आणि तो बाबा अर्धा तास माझ्याकडे बघत बसला. पोरं कामाला लावायची सोडून माणसं हे काय करून राहिलीत?

आपल्याकडे हे आणावं का? आण की! पोरांना जेवणघरात लोळव, भोवती रेघा मार. आणि तू वाड्या-तांड्यांवर जाऊन आईबापांना परिपत्रक वाचून दाखवायचं सोड. नुसता एक प्रश्न विचार आणि गप्प बस. पोरांची रीघ लागेल, गेट उघडायला माणूस पुरणार नाही!

तुझा,
वैजनाथ सर

---

किनवट,
७ डिसेंबर २०२३

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

आपले दि. ४ चे पत्र, आवक क्र. ४१९. पालन केले. हजेरी सेहेचाळीस. गेट उघडायला माणूस खरोखरच पुरला नाही. तपशील परिशिष्ट ‘ब’ मध्ये.

आपला आज्ञाधारक,
रेणुकादास

परिशिष्ट ‘ब’: जेवणघरात अडतीस आकृत्या काढल्या. मुले लाल-पिवळा रंग भरत असताना भामाबाई भाजी घेऊन आल्या आणि पातेले तिथेच टेकवून ओरडल्या, “भानामती! कुनी केली रे ही भानामती?” त्यांनी मीठ ओवाळले, चुलीत मिरच्या टाकल्या, आणि आम्ही सर्वजण अर्धा तास खोकत बाहेर उभे होतो. नंतर मुलांनी समजूत घालून त्यांचीही आकृती काढली. कुठे दुखते असे विचारल्यावर त्यांनी दोन्ही गुडघे दाखवले. मुलांनी गुडघे निळे केले. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची पिंपे मुलेच उचलतात. कुणी सांगितलेले नाही. भामाबाई आता आपल्या आकृतीवरून कुणाला चालू देत नाहीत आणि तिथला केर काढत नाहीत.

वाड्यांवर सात दिवस परिपत्रक वाचले तेव्हा एकही मूल आले नव्हते. या वेळी मी ‘पोरगं का येईना?’ एवढेच विचारले आणि ओट्यावर गप्प बसलो. गप्प बसणे मला जड गेले. चहाच्या तिसऱ्या घोटाला एक बाप म्हणाला, “चप्पल हरवली व्हती साहेब. शिट्टी झाली की अनवाणी पळायचं, काटे मोडायचे.” एक आई म्हणाली, “त्याला घरची सय येते. तिथं कुनी इचारत न्हाई म्हनतो.” मी दोन चपलांची आणि एका आठवणीची नोंद घेतली. अशी बारा मुले दोन दिवसांत माझ्याबरोबर आली.

दहावीतला सुदर्शन मात्र घरी भेटला नाही. तो झाडावर चढून बसला होता असे त्याची बहीण म्हणाली.

---

लातूर,
९ डिसेंबर २०२३

रेणुकादास,

चष्मा आला. दोन्ही परिशिष्टं वाचली.

अरे गाढवा, मी गाऱ्हाणं सांगत होतो! टोमणा मारत होतो! टोमण्याला कुणी आवक क्रमांक देतं का? सव्वीस वर्षं मी त्या वसतिगृहात आवाज चढवला नाही, कारण नजरच पुरत होती. आणि तू तिथं मोह गाळतोस, मिरच्या जाळतोस? पथक आलं आणि जेवणघरात अडतीस माणसांच्या आकृत्या दिसल्या तर पन्नास पोरं असूनही टाळं ठोकतील!

हा आदेश आहे, यात टोमणा नाही: झाडं, रेघा, प्रश्न सगळं आजपासून बंद. फरशी धुऊन काढा. पहाटे पाचला शिट्टी.

वैजनाथ

---

किनवट,
१२ डिसेंबर २०२३

आदरणीय सर,
सादर प्रणाम करू का?

आपल्या आदेशाप्रमाणे काल पहाटे पाचला मी शिट्टी वाजवली, हे आपल्याला कळवले तर चालेल का? माझा श्वास पुरला नाही म्हणून ती तीनदा वाजवावी लागली, यावर आपला विश्वास बसेल का? फरशी धुताना भामाबाई आपल्या आकृतीवर आडव्या झोपल्या आणि “मला धुवा आधी” म्हणाल्या, तेव्हा मी काय करायला हवे होते?

काल दुपारच्या गाडीने पाच मुले घरी गेली आणि हजेरी एकेचाळीसवर आली, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्यातल्या एकाने जाताना मला विचारले, “सर आले की परत सगळं पयल्यासारखंच व्हनार का?” याचे उत्तर आपण कळवाल का?

पथक आकृत्या बघून काय म्हणेल याची भीती आपल्याला जास्त आहे, की मुले आपल्याला बघून काय म्हणतात याची? हे विचारल्याबद्दल माझ्यावर कारवाई होईल का? झाली तर तिचा जावक क्रमांक मीच टाकायचा का?

आणि गुरुपादप्पांनी आपल्याला कोणता प्रश्न विचारला होता?

आपलाच आज्ञाधारक ना,
रेणुकादास?

---

लातूर,
१४ डिसेंबर २०२३

चि. रेणुकादास,
अनेक आशीर्वाद. मनापासून.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझा कान धरावासा वाटला. मग गुरुपादप्पाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तुमचा कारकून माझ्यापेक्षा हुशार हाय की हो, त्याला हितं पाठवायचं आन् तुम्ही तिथं ऱ्हायाचं.” आणि मग काही न बोलता पुन्हा माझ्याकडे बघत बसला. बसणं त्याला फार छान जमतं.

त्याचा प्रश्न असा होता: तुमच्यासमोर पोरगं शेवटचं कधी हसलं?

मला आठवलं. जेवणघरात सांडलेल्या वरणावरून मी घसरलो होतो तेव्हा. सात-आठ वर्षं झाली. हसणाऱ्याला मी दोन तास उन्हात उभं केलं. गुरुपादप्पाने त्याचं नाव विचारलं. ते काही केल्या आठवेना. काल रात्रभर तेच लागून राहिलं मनाला. ज्याला उभं केलं त्याचं नाव आठवत नाही आणि वरण तुरीचं होतं हे आठवतंय.

दुसरं एक सांगून टाकतो. माझी विशेष निवड वगैरे काही झाली नव्हती. वरच्या कार्यालयात माझ्याविरुद्ध पोरांची तक्रार गेली, म्हणून मला इथं पाठवलं. मारतो, उपाशी ठेवतो असं काही त्यात असतं तर मी भांडलो असतो. एकच ओळ होती: ‘सर कधीच हसत नाहीत, त्यामुळे घरची फार आठवण येते.’ याच्याशी भांडायचं कसं?

काल मी झाड झालो. कडुलिंब. बरा झालो, असं मालविकाताई म्हणाल्या. खांदे अजून दुखतात.

आता हा आदेश, आणि यातून तू कसलाही अर्थ काढ: झाडं चालू, रेघा चालू, प्रश्न चालू. त्या पाच पोरांकडे जा आणि माझ्या वतीने माफी माग. ती शिट्टी विहिरीत टाकून दे. पन्नास भरले तर भरले. नाही भरले तर जे आहेत त्यांच्याबरोबर शेवटचा दिवस नीट घालवू. रविवारी संध्याकाळी येतो.

तुझा,
वैजनाथ सर

---

किनवट,
१९ डिसेंबर २०२३

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

आपण माझ्या समोरच्याच टेबलावर बसला आहात आणि कालच्या तपासणीला स्वतः हजर होतात. तरीही दप्तरी नोंद असावी म्हणून हा इतिवृत्तांत आपल्या सहीसाठी सादर करीत आहे.

सुरुवातीला शिट्टीबाबत. ती साठा नोंदवहीत असल्याने विहिरीत टाकता येत नाही. ती भामाबाईंना माकडे हाकलण्यासाठी वापरायला दिली आहे. पाचही मुले शनिवारी परत आली. त्यांच्याबरोबर न सांगता आणखी तीन आली.

काल सकाळी मुलांनी आपल्याला विचारले, “सर, तुमची आकृती काढू का?” आपण धुवट पांढऱ्या कपड्यांत जेवणघरात उताणे झोपलात. पथक बाराला येणार होते, ते अकरालाच आले. पथकप्रमुख साहेबांनी दारातून पाहिले: अधीक्षक जमिनीवर निपचित, भोवती खडूची रेघ, कडेला गप्प उभी मुले. त्यांनी भिंतीला हात टेकून विचारले, “पोलिसांना कळवलं का?” त्यावर आपण डोळेही न उघडता म्हणालात, “साहेब, पाच मिनिटं. गुडघा राहिलाय.”

साहेबांना पाणी दिले. नंतर हजेरी घेतली. एकोणपन्नास भरली. पुन्हा घेतली. एकोणपन्नासच. साहेब म्हणाले, “वाईट वाटतंय, पण नियम तो नियम.” भामाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “माजं नाव घाला साहेब, मीबी हितंच जेवती.” ते नियमात बसले नाही. कुणीतरी मला हळूच म्हणाले की पन्नास लिही, कोण बघतंय. आपण म्हणालात, “रेणुकादास, एकोणपन्नास लिही.” मी लिहिले. नोंदवहीतला चार जरा सातासारखा दिसतो.

साहेब निघाले. उकडत होते म्हणून येताना त्यांनी आपले जाकीट अंगणातल्या झाडावर टाकले होते. ते काढायला गेले तर झाड म्हणाले, “साहेब, लवकर घ्या, हात दुखायलेत.”

साहेब दोन पावले मागे उडाले. तो सुदर्शन होता. अंगाला गोणपाट गुंडाळून, वर सागाची पाने बांधून तो कोपऱ्यातल्या तीन सागांच्या रांगेत सकाळच्या गाडीपासून चौथा साग होऊन उभा होता. का, असे विचारल्यावर म्हणाला, “आदी बगावं म्हटलं, सर खरंच बदललेत का. नसतील तर तसंच परतीच्या गाडीनं जावं.” त्याचे नाव पटावर आहे. साहेबांनी स्वतःच्या हाताने पन्नास केले आणि खाली सही केली. जाताना ‘मुलांचे निसर्गज्ञान उत्तम’ असा शेराही लिहिला.

यानंतर आपण सुदर्शनजवळ गेलात. उशीर का झाला असे आपण विचाराल असे सगळ्यांना वाटले. आपण विचारलेत, “कोणतं झाड रे तू?” तो म्हणाला, “साग, सर.” त्यावर आपण म्हणालात, “मग आत चल लवकर. सागवान असं उघड्यावर ठेवलं तर वनखात्याचे लोक उचलून नेतात.” आणि आपण हसलात.

वेळ अकरा वाजून बावन्न मिनिटे. हा आवाज आधी कुणी ऐकलेला नसल्याने भामाबाईंना ठसका वाटला आणि त्या तांब्या घेऊन धावल्या. साक्षीदार म्हणून पन्नास मुलांची नावे जोडली आहेत.

आता एक कबुली. आपल्याविरुद्धची ती तक्रार सुदर्शनने लिहिली होती आणि ती याच कार्यालयातून गेली, जावक क्र. २०३. मुलांनी ती माझ्याकडे आणली तेव्हा कागद नियमाप्रमाणे होता, म्हणून मला थांबवता येईना. खरे सांगायचे तर थांबवावासा वाटलाही नाही. ‘विषय’ ही ओळ राहिली होती, ती मी माझ्या हाताने घातली. त्याबद्दल जी शिक्षा द्याल ती मान्य आहे.

तक्रारीचा विषय ‘सर हसत नाहीत याबाबत’ असा होता. कालच्या घटनेनंतर तक्रारीचे निराकरण झाले आहे. तरी सदर तक्रार निकाली काढून फाइल बंद करण्यास मान्यता मिळावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
रेणुकादास

---

किनवट,
१९ डिसेंबर २०२३

चि. रेणुकादास,

मान्यता नाही. फाइल चालू ठेवावी आणि दर महिन्याला तपासणी करावी. तपासणी सुदर्शन करील.

जेवणघरात ये. तुझी आकृती अजून काढायची राहिलीय. खडू मी घेतलाय.

वैजनाथ सर